एकोणनव्वदावी ओळ

लॉकडाऊन उठल्यानंतरच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी कोकिळाने जेवणाची भांडी तशीच मोरीत ठेवली आणि लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत बसली. मराठी बोलणाऱ्या प्रोग्रामर बायकांचा ऑनलाइन मेळावा होता. आधी भाषणं, मग गप्पा. ती जिथे अधूनमधून मदत करायची, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळ्यांनाच आमंत्रण पाठवलं होतं, म्हणून तिलाही आलं होतं.

कोकिळा बऱ्हाणपुरात, शनवारा दरवाज्याजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. प्रोग्रामिंग ती व्हिडिओ बघून शिकली होती, लग्नानंतर. मेळाव्यात शंभरावर चौकटी होत्या. पुणे, नागपूर, कोणी थेट जर्मनीत. कोकिळाने कॅमेरा बंद ठेवला, माइक बंद ठेवला आणि पदराने चष्मा पुसून ऐकू लागली.

तिसरं भाषण अकोल्याच्या निर्मलाचं होतं. तिशीतली, लांब वेणीची, हसतमुख बाई. बोलायला लागताच म्हणाली, "माझ्या कॉम्प्युटरचा स्क्रीन मी बंदच ठेवते. वीज वाचते. मी जन्मापासून आंधळी आहे, मला त्याचा काय उपयोग?"

चौकटींमधल्या बायका सावरून बसल्या.

"मी कानांनी प्रोग्राम लिहिते," निर्मला म्हणाली. "कॉम्प्युटर वाचतो, मी ऐकते. कसं ते ऐकवते तुम्हाला."

आणि स्पीकरमधून जो आवाज आला, तो ऐकून कोकिळाला वाटलं, मागच्या गल्लीतला पॉवरलूम कोणी खोलीतच आणून सुरू केला. नुसता खडखडाट. एक शब्द म्हणून हाती लागेना. निर्मला मात्र मान तिरकी करून ऐकत होती, बोटं कीबोर्डवर चालत होती, आणि मध्येच "अंहं, इथे चुकलं," असं स्वतःशीच म्हणत ती दुरुस्त करत होती. दोन डोळे असून आपण एका कंसासाठी तासभर धडपडतो, आणि ही बाई त्या खडखडाटातून सुई वेचावी तशी चूक वेचते!

"आता तुमच्यासाठी सावकाश लावते," निर्मला म्हणाली.

आवाज संथ झाला. स्वच्छ मराठीत म्हणाला, "ओळ एकोणनव्वद. कंस बंद केलेला नाही."

कोकिळा खुर्चीतून उठून उभी राहिली.

तो आकडा तिचा होता. तिचा आणि तिच्या सासूबाईंचा.

मथुराबाई एकतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा कोकिळाने त्यांना पेपर वाचून दाखवणारं तेच फुकटचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. पहिल्याच दिवशी मथुराबाई वैतागल्या. "अगं, हा एकोणतीसला दोन नऊ म्हणतो! याला पहिलीत कोणी बसवलं नाही का?" मग एका उन्हाळ्यात दोघी बसल्या. मथुराबाई म्हणायच्या, कोकिळा लिहायची, कॉम्प्युटर बोलायचा आणि मथुराबाई त्याला पकडायच्या. "बाष्ट नाही, बासष्ट! उनचास हिंदीत, आपल्यात एकोणपन्नास." एकोणनव्वद तर तो मध्येच तोडून म्हणायचा; कोकिळाने ते सात वेळा बदललं. शंभर आकडे झाल्यावर तिने ते त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे पाठवून दिले आणि विसरून गेली.

"पूर्वी हा आवाज आठ नऊ असं म्हणायचा," निर्मला सांगत होती. "त्या वेगात आठ कुठे संपला आणि नऊ कुठे लागला, कळायचं नाही. मी चुकीच्या ओळीवर जायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी किती रडलेय! एक दिवस अपडेट आला आणि हा एकोणनव्वद म्हणाला. माझ्या शाळेतल्या बाई म्हणायच्या तसा. आज आमच्यासारख्या कितीजणी याच्यावर काम करतात. कोणी केलं हे, म्हणून शोधलं, तर मदत करणाऱ्यांच्या यादीत एवढंच लिहिलेलं, कोकिळा, बऱ्हाणपूर. मला ही बाई कधी सापडली नाही."

कोकिळाने चॅटमध्ये दोनच शब्द टाइप केले. 'मी आहे.' मग घाबरून पुढे लिहिलं, 'बऱ्हाणपूर.'

एकदम गलका उडाला. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी कॅमेरा लाव म्हणत होतं. कोकिळाने कॅमेरा लावला, पण तोंडातून पहिले शब्द निघाले ते आतल्या खोलीकडे, "आई, जरा बाहेर येता का? लवकर!"

मथुराबाई भिंतीला हात लावत आल्या. कोकिळाने त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. सासूबाई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या.

"आजी, नमस्कार," निर्मला म्हणाली. "माझी भाकरी तुमच्या आकड्यांवर चालते."

"माझे कसले गं, आकडे सगळ्यांचेच," मथुराबाई म्हणाल्या. "पण तू इतक्या वेगात ऐकतेस, असं ही म्हणते. मला ऐकव बरं."

निर्मलाने पुन्हा तो खडखडाट लावला. मथुराबाईंनी मान खाली घातली, वर्गात पाढे ऐकताना घालायच्या तशी. आवाज थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "मधे कुठेतरी बावन्न म्हणाला का?"

"हो आजी, बावन्नच," निर्मला म्हणाली, "मला पहिला आकडा पकडायला तीन महिने लागले होते."

कोकिळा सासूबाईंकडे बघतच राहिली. नजर गेल्यापासून या बाईचं जग लहान लहान होत गेलं, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

भाषणं संपल्यावर मेळाव्याच्या ऑनलाइन गप्पांच्या खोलीत त्या तिघीच संध्याकाळपर्यंत बसल्या. निर्मला म्हणाली, साडेतीन वाजले की हा अजून तीन तीस म्हणतो, आणि सव्वा, पावणे तर त्याच्या गावीही नाही. पुढच्या रविवारपासून त्या कामाला लागल्या. कोकिळाने या वेळी यादीत दोन नावं लिहिली, आपलं आणि सासूबाईंचं.

मथुराबाईंनी मात्र वेगळाच हट्ट धरला. रोज सकाळी पेपर लावला की म्हणायच्या, "थोडा वाढव गं, आणखी थोडा." होळी येईपर्यंत वेग एवढा वाढला, की कोकिळाचा नवरा श्रीकांत दाढी करता करता बाहेर आला आणि विचारू लागला, "आई, ही कोणती भाषा ऐकते आहेस?"

"बस बाळा," मथुराबाई बातमीतून कान न काढता म्हणाल्या, "बहादरपूरला केळीचा भाव पडलाय. सावकाश सांगते तुला."