बाराव्या पंचाची खुर्ची

मी बाराव्या पंचाची खुर्ची बोलतेय. ओहायो नदीकाठच्या टॅनर्स बेंड गावात कोर्टाच्या वरच्या मजल्यावर पंचांची खोली आहे. तिथल्या लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला माझी जागा. माझ्या अकरा बहिणी अक्रोडाच्या, मी एकटी ओकची. त्यामुळे लोक मला लांबून ओळखतात आणि जमेल तितकं टाळतात.

गावात कोर्ट नव्हतं तेव्हा मी नदीकाठचं झाड होते. एका दुपारी गावकऱ्यांनी एका फिरत्या विक्रेत्याला माझ्याखाली आणलं. त्याच्यावर घोडा चोरल्याचा संशय होता. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण ऐकायला कुणाला सवड नव्हती. त्याला माझ्या फांदीला लटकवून गाव आपापल्या घरी जेवायला गेलं. घोडा पुढे वरच्या कुरणात निवांत चरताना सापडला. त्यानंतर त्या फांदीवर पाखरू बसेना. वारा नसतानाही ती खाली वाकलेलीच असायची, जणू तिच्यावरचं वजन कुणी उतरवलंच नव्हतं.

मग गावात कोर्ट आलं. देशाच्या घटनेनं सांगितलंच होतं, की आरोपीचा निवाडा पंचांसमोर व्हायचा, झुंडीसमोर नाही. बारा पंचांसाठी बारा खुर्च्या हव्या होत्या. सुतार अमॉस वेंडलिंगला अक्रोडाचं लाकूड कमी पडलं, तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आला. त्याची थोरली बहीण मागोमाग आली.

"अमॉस, दुसरं झाड मिळत नाही का तुला? तो मेलेला अजून इथून गेलेला नाही. अख्खं गाव जाणतं."

"म्हणूनच हे तोडतोय, ताई. उभं ठेवलं तर पुन्हा कामाला येईल."

अशी मी खुर्ची झाले. बरीच वर्षं छोटेमोठे खटले आले नि गेले. बसणारा उठताना मान चोळायचा, एवढंच. मग लेम्युएल हास्कचा खटला उभा राहिला.

हास्क जंगलात कोळसा पाडायचा. एकलकोंडा, तोंडाचा फटकळ. गिरणीवाला हार्लन प्रुइट गिरणीच्या पाटात मेलेला सापडला आणि आदल्याच दिवशी हास्कचं त्याच्याशी भांडण झालं होतं. प्रुइटच्या मेव्हण्यानं शपथेवर सांगितलं, की सकाळच्या धुक्यात आपण नदीपलीकडून गिरणीपाशी हास्कचा चेहरा पाहिला. एवढाच पुरावा होता. तरी हास्कचं काय करायचं ते गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

पंच वर आले, दार बंद झालं. त्या दाराआड न्यायाधीशालाही यायची मुभा नाही. बाराही जणांचं एकमत झालं तरच निकाल लागतो. त्या दिवशी माझ्यावर गिडियन टकेट बसला. हा पिंपं बनवायचा. मेलेला प्रुइट त्याचा जिवलग मित्र, तरी त्याला कुणी वगळलं नव्हतं. हास्कला फासावर चढवायचं हे मनाशी पक्कं करूनच तो आला होता.

पंचप्रमुख लूमिस दुकानदारानं एकेकाला विचारलं. दोषी. दोषी. दोषी. अकरा जण झाले. गिडियननं तोंड उघडलं आणि तसाच राहिला. त्याचा हात गळ्याशी गेला.

"काय रे, जेवताना काटा अडकला की काय?" कुणीतरी हसलं.

"शब्द येत नाहीये," गिडियन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला म्हणायचंय रे. येतच नाही."

"त्या खुर्चीच्या गोष्टी ऐकून घाबरला हा," लूमिस वैतागला. "ऊठ. माझ्या जागी बस. चांगला बाप्या माणूस तू, आणि खुर्चीला भितोस?"

दोघांनी जागा बदलल्या. तिकडे बसताच गिडियन म्हणाला, "दोषी." मग हळूच म्हणाला, "किती सोपा आला बघ. थुंकी टाकावी तसा. मला याचीच भीती वाटते."

पण सगळे लूमिसकडे बघत होते. तो माझ्यावर ताठ बसला होता, ओठ पांढरे पडलेले, नजर खिडकीबाहेर. मी त्याला काही केलं नव्हतं. माझ्या लाकडात जे होतं ते होतं.

खाली चौकात सगळं गाव जमलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. नदीवरून चढलेल्या धुक्यात नुसते आकार उभे होते, वर तोंड करून.

"त्यांना चेहरे नाहीत," लूमिस पुटपुटला. "माझा भाऊ आहे ना त्यांच्यात? मग कोणता तो?"

गिडियन उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बराच वेळ खाली पाहत राहिला. "आणि मेव्हण्याला म्हणे नदीपलीकडून हास्कचा चेहरा दिसला," तो म्हणाला.

मग एकेक जण खिडकीशी आला. वाद झाले, शिव्याही झाल्या. पण पुन्हा विचारलं तेव्हा बाराही जण म्हणाले, शंका आहे, सोडा. गिडियन हे म्हणताना मित्रासाठी रडला.

निकाल ऐकून चौकातली गर्दी मुकाट्यानं दुभंगली. हास्क तिच्यामधून चालत गेला. त्याला कुणी हात लावला नाही.

पुढे एका सकाळी तो रिकाम्या खोलीत आला आणि माझ्यावर बसला. त्याचं सगळं अंग हलत होतं. तो रडत होता की हसत होता, ते मला आजवर कळलेलं नाही. ओझं वाहायचं तेवढं मला कळतं, खरंखोटं कळत नाही. ते त्या बारा जणांनाही कळलं नव्हतं. तसं त्यांनी उघड मान्य केलं, आणि एक माणूस जिवंत राहिला.

आता माझा मागचा पाय खिळखिळा झालाय. गादीच्या नव्या खुर्च्या आल्या आहेत, त्यांच्यात बसून पाठ दुखत नाही. मला तळघरात नेणार आहेत. न्या, माझी तक्रार नाही. पण उद्या कुणा परक्या माणसाचा जीव तुमच्या हाती आला आणि तो शब्द अगदी सहज तोंडात आला, तर तेवढ्यापुरतं जरा थांबा. गळ्याला हात लावून पाहा.