गुड्रुनच्या खिडकीबाहेरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण केस विंचरायचा नव्हे. मी खिडकीच्या बाहेर, भिंतीला तिरका ठोकलेला आहे. डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या आमच्या बेटावर मला रस्त्याचा आरसा म्हणतात. आत खुर्चीत बसल्या बसल्या, पडदा न हलवता, कोण आलं, कोण गेलं आणि कोणाच्या घरात शिरलं, हे सगळं माझ्यात दिसतं. आमच्या गल्लीत याला चोंबडेपणा म्हणत नाहीत. हवा बघणं म्हणतात.

माझी चौकट बंदरावरच्या लोहाराने घडवली आणि काच गवतात गुंडाळून बोटीतून आली. या घरात माझ्यासमोर तीन पिढ्या बसल्या. त्यांतली तिसरी गुड्रुन. छत्तीस वर्षं ती पोस्टात पत्रं लावत होती. पाकीट न उघडता आतला मजकूर ओळखायची सवय तिला तिथे जडली ती कायमची. पाहुणा दारात पोचायच्या आत तो काय मागायला आलाय हे तिला माहीत असे, आणि नकारही तयार असे. "या आरशामुळे माझी कितीतरी खोटी हसणी वाचली," असं ती एकदा म्हणाली होती. एवढी स्तुती मला पुन्हा लाभली नाही.

तिचा नवरा आयनर. तो फेरीबोटीच्या इंजिनात कामाला होता. संध्याकाळी पावणेसहाला तो कोपऱ्यावर वळायचा, माझ्यात दिसायचा आणि गुड्रुन उठून बटाट्यांखालची आच मोठी करायची. सव्वीस वर्षं हा क्रम चालला. मग दोघंही निवृत्त झाले. ज्याची वाट पाहायची तो समोरच्याच कोचावर घोरू लागल्यावर मला कोण विचारतो? माझ्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं केलं. खिडकी रंगवताना आयनरने माझ्या चौकटीवर पांढरे थेंब सांडले आणि ते तसेच वाळले. आतला मुलामा उडून काचेवर तपकिरी डाग पडले.

त्याच सुमारास आयनरला फोटोचा नाद लागला. आमच्याकडे निवृत्त माणूस हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गाला जातो. कोणी विणकामाच्या, कोणी इटालियन भाषेच्या. आयनर गेला व्यक्तिचित्रांच्या वर्गाला. तिथल्या बाई सांगायच्या, चेहरा सरळ टिपू नका, वाट वाकडी करून जा. आयनर इंजिनवाला, सांगितलं ते त्याने शब्दशः केलं. पाद्रीबुवांच्या हनुवटीखाली विजेरी धरली. त्या फोटोत ते नरकातल्या कचेरीचे मुख्य कारकून दिसले. मेव्हण्याचा फोटो त्याने हेरिंग माशाच्या लोणच्याच्या बरणीतून काढला. मेव्हणा अजून बोलत नाही.

"गुड्रुन, तू बस ना एकदा," तो म्हणायचा. "चाळणीतून उजेड सोडतो. तोंडावर नक्षी येते."

"माझ्या तोंडावर आहे ती नक्षी पुरे. चाळणी जागेवर ठेव."

असं सहा वेळा झालं. सातव्यांदा त्याने विचारलंच नाही. गुड्रुनने हे लगेच टिपलं. मागणारा माणूस मागायचं थांबला, म्हणजे त्याला दुसरीकडे मिळालं, हा तिचा पोस्टातला अनुभव.

आणि मग गुरुवार आला. तीन वाजता आयनर कॅमेऱ्याची पिशवी घेऊन "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत निघाला. गुड्रुनने खुर्ची सरकवली. कित्येक महिन्यांनी तिने माझ्यात पाहिलं. आयनर कोपऱ्यावर पोचला, पण वळला नाही. तो बोलेटेच्या हिरव्या दारातून आत गेला.

बोलेटे म्हणजे कप्तानाची विधवा. तिच्या खिडकीत चिनी मातीची दोन कुत्री आहेत. असली कुत्री आमच्या गावात घरोघर असतात आणि त्यांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो: घरधनी समुद्रावर असला की त्यांची तोंडं रस्त्याकडे, घरी असला की आत. बोलेटेचा कप्तान बुडाला त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं ती कुत्री रस्त्याकडे बघत होती.

त्या गुरुवारी, आयनर आत गेल्यावर पाच मिनिटांत, दोन्ही कुत्र्यांनी तोंडं आत केली.

गुड्रुन खिडकीकडे वाकली. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. कुत्री आतच बघत होती. एक्केचाळीस वर्षांचा संसार माझ्या तळहाताएवढ्या काचेत डुगडुगताना मी पाहिला. खरं सांगायचं तर मित्रांनो, मला थोडा आनंदही झाला. संशयामुळे मला पुन्हा बरे दिवस आले होते. तिने कोळ्याचं जाळं काढलं, स्क्रू घट्ट केले. कुत्र्यांच्या मधोमध मला एक काळा, गोल, चकाकता डोळा दिसत होता. तिसरं कुत्रं आणलं असेल, असं मी समजलो.

पुढल्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढल्याही. आयनर परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला वेलदोड्याच्या पावाचा वास असायचा.

"कुठवर गेला होतास?"

"असाच. कोपऱ्यापर्यंत."

"कोपऱ्यावर काय आहे?"

"चांगला उजेड आहे," आयनर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

चौथ्या गुरुवारी कुत्री आत वळताच गुड्रुन उठली. कोट चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली. ती रस्त्यावर उतरून वीस पावलं गेली असेल, तोच हिरवं दार धाडकन उघडलं आणि आयनर पळत बाहेर आला. गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लांब भिंग, आणि पायांत नुसते मोजे. बरोबर माझ्या टप्प्यात दोघं एकमेकांवर आदळली.

"गुड्रुन! खुर्ची रिकामी का? मला वाटलं तू पडलीस!"

"माझ्या खुर्चीचं तुला तिथून काय कळतं? आणि तुझे बूट कुठे आहेत?"

"बोलेटेच्या दारात. तिची फरशी पुसलेली असते."

"आणि कुत्री?"

"कोणती कुत्री?"

"आयनर, मी पोस्टात होते. बंद पाकीट वाचता येतं मला."

मागून बोलेटे पावाची ताटली घेऊन तुरुतुरु आली. "अगं, ती कुत्री मी नाही हलवली! याचं भिंग मधे बसेना म्हणून यानेच सरकवली. मी म्हटलं, अरे, तोंडं आत करू नकोस, लोक काय म्हणतील! तर हा म्हणे, लोक कशाला बघतात!"

गल्लीतल्या चार खिडक्यांचे पडदे एकदम स्थिर झाले.

"कसले फोटो?" गुड्रुनने विचारलं.

आयनरने पिशवीतून पाकीट काढलं. आत अकरा फोटो होते. एका फोटोत बोलेटेच्या लेसच्या पडद्याआडून टिपलेला चेहरा, गालभर नक्षी. एकात ओल्या काचेमुळे तो विरघळलेला. एकात चेहरा आणि रस्ता एकावर एक चढवलेले, कपाळातून सायकल चाललेली. अकराही चेहरे माझ्या चौकटीतल्या गुड्रुनचे होते. माझ्यात ज्याला रस्ता दिसतो, त्याचा चेहरा रस्त्यालाही दिसतो. शंभर वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

"न विचारता माणसाकडे बघायचं म्हणजे काय!" गुड्रुन कडाडली. "तेही महिनाभर! आडून!"

गल्लीतल्या चारही खिडक्यांतली डोकी पडद्याआड गेली.

"ही बाई कोण आहे?" जरा वेळाने तिने फोटोवर बोट ठेवलं. "हिचा कोणावर विश्वासच नाही."

"ही पावणेसहाची आहे," आयनर म्हणाला. "बोटीवरून यायचो तेव्हा कोपऱ्यावरून रोज दिसायची. मी आलो की नाही ते बघत असायची. आता मी घरातच असतो, मग ती कशी दिसणार? म्हणून बाहेर जाऊन बघतो." त्याने पाय वर घेतला, मोजा भिजला होता. "ग्रंथालयात प्रदर्शन आहे. पण तुझी सही लागते. तू नाही म्हणालीस तर फाडून टाकीन."

गुड्रुनने अकराही फोटो पुन्हा पाहिले, पत्रं लावावीत तसे. लेसच्या पडद्याचा वर ठेवला.

"हा एक लाव. बाकीचे घरात राहतील. पण आधी तो आरसा पूस. त्याच्या डागांमुळे गालावर गोवर आल्यासारखं दिसतंय."

"ते पुसून जायचे नाहीत. मुलामाच उडालाय."

"मग राहू देत," ती म्हणाली. "चल, बूट घाल. बोलेटे, ताटली आण इकडे."

तर मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना आरसा असेल तर त्याला मऊ कापडाने पुसा, चौकटीवर रंग सांडू नका. आणि त्यात कोणाकडे बघत असाल, तर त्यालाही तुम्ही दिसत असता, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे तोंड बरं करायला जरा वेळ मिळतो.

आयनर अजूनही दर गुरुवारी तीनला निघतो. गुड्रुन त्याच्या आधी दहा मिनिटं केस नीट करून खुर्चीत बसते आणि जमेल तेवढं संशयाने बघते. पण काल शुक्रवार होता. आयनर घरात कोचावर घोरत होता आणि बोलेटेचं उजवीकडचं कुत्रं आत बघत होतं.

गुड्रुनने माझे स्क्रू घट्ट केले आहेत.