शनीला जागेवर ठेवणारी मेढ

मी मेढ. खळ्याच्या मधोमध रोवतात ना, तो खैराचा खांब. मुळशीतल्या माले गावी कोंडिबांच्या खळ्यात बैल माझ्याभोवती फिरून भात मळायचे. त्यांनी कितीही ओढलं तरी मी तसूभर हलले नाही. याचा मला गर्व आहे, उगाच कशाला लपवू? पुढे मळणीयंत्र आलं आणि मी गोठ्याच्या भिंतीशी आडवी झाले. कोंबड्या अंगावर बसायच्या. बसोत बापड्या.

कोंडिबांची नात दिशा हिंजवडीत नोकरी करते. भातकापणीच्या सुट्टीला आली ती दुर्बीण घेऊनच. दुर्बीण खाशी होती, पण खालची तिवई म्हणजे नुसत्या काड्या. वारा आला की लटपट.

शनी बघायची सगळ्यांत जास्त हौस होती ती आजीला, रंभाबाईंना. जन्मभर त्यांनी शनिवार धरलेले. म्हणाल्या, "ज्याला येवढं तेल घातलं, त्याचं त्वांड तरी बघू दे."

पण वयानं रंभाबाईंचे हात कापतात. त्या वाकल्या की आधाराला हात दुर्बिणीवर जायचा आणि शनी थयथय नाचत दिसेनासा व्हायचा. "आज्जी, हात नको ना लावूस," दिशा म्हणाली. पुन्हा म्हणाली. रंभाबाई हात पदराखाली घेऊन घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर म्हणे गुडघे दुखतायत. गुडघे कसले, मन दुखलं होतं. ते दिशालाही कळलं आणि तिला जेवण गोड लागेना.

मग न हलणारी जागा शोधत तिनं घर पालथं घातलं. पाण्याचा ड्रम, बाजलं, ओट्याची कड, जे दिसेल त्यावर दुर्बीण ठेवायची, थाप मारायची आणि भिंगातून बघायचं. गच्चीवर नेली, तर खाली कुणी दार लावलं तरी चंद्र हादरे. शेवटी दमून माझ्यावर येऊन बसली आणि विचारलं, "आबा, हा ओंडका कसला?" ओंडका! पण कोंडिबांनी माझी कुळकथा सांगितली, तशी ती ताडकन उठली.

अंगणात खोल खड्डा खणून, दगड ठासून मला उभी केली. कोंडिबांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, मला हळदकुंकू वाहिलं. मेढीच्या शेंड्याला भाताच्या लोंब्यांची जुडी बांधायची आमची रीत. त्यांनी ती जुडी माझ्या डोक्यावर ठेवली आणि वेल्डरकडून करून आणलेली, दुर्बीण बसवायची लोखंडी पाटी वरून आवळली. झालं! दुर्बीण पुन्हा डुलायला लागली. "मेढ बी म्हातारी झाली," कोंडिबा म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारातून रंभाबाई सगळं बघत होत्या. राहवलं नाही, तशा बाहेर आल्या. "अवो, गादीवर उभं केल्यावर कोन बी डुलंल. लोंब्या तिच्या कमरंला बांधा की."

जुडी खाली आली, पाटी लाकडाला भिडली. दिवेलागणीनंतर दिशानं शनी धरला आणि आजीचे दोन्ही हात पदराखालून काढून माझ्यावर ठेवले. "हिला धर आज्जी. घट्ट धर."

हातांचा कंप माझ्या अंगात उतरला. मी तो वर जाऊ दिला नाही.

रंभाबाई कितीतरी वेळ वाकलेल्या होत्या. मग हलकेच म्हणाल्या, "कडं हाय त्याला, बारीक. आन् दिशे, त्यो पळत न्हाई गं."

आता मी अंगणातच असते. आसपासची माणसं ग्रह बघायला येतात आणि हात पाठीमागे बांधून भीतभीत वाकतात. त्यांना माझं एकच मागणं आहे. बाबांनो, ज्याचे हात कापत असतील त्यानं आधी यावं, आणि मला खुशाल धरावं.