गेन्सांकडचे केस

"मी काय ईस्टरचं अंडं आहे, येईल त्यानं रंगवायला?"

केझाया हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. आजीच्या दोन गुडघ्यांमध्ये, जमिनीवरच्या उशीवर बसून ती आपल्याच पायाच्या अंगठ्यांकडे गाऱ्हाणं मांडत होती. पण डोकं आजीच्या हातात असलं की पुटपुटणंही आजीला कळतं. कवटीतून थेट बोटांत येतं.

"अंड्याला निदान गप्प बसायची अक्कल असते," व्हर्लीन म्हणाली. "मान खाली."

मान खाली गेली. व्हर्लीनने ओल्या केसांत बोट घालून भांग पाडला, पाडला तो मनासारखा आला नाही, पुसून पुन्हा पाडला. मग उठली. शेगडीपाशी जाऊन कॉलर्डच्या पालेभाजीखालची आच कमी केली, झाकण नीट बसवलं, परत येऊन बसली. बसली तोच पुन्हा उठली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून फडक्यात गुंडाळलेला, केस शेकून सरळ करायचा लोखंडी कंगवा काढून ओट्यावर ठेवला. नुसता ठेवला. ठेवायला काय हरकत होती?

हरकत होती. सकाळी इस्पितळात ड्यूटीला जाताना रोलांडा, तिची लेक आणि केझायाची आई, दारातच थांबून म्हणाली होती, "आई, केस धुवायचे, तेल लावायचं, वेण्या घालायच्या. बस्स. तो कंगवा तापवायचा नाही. शब्द दे." व्हर्लीनने शब्द दिला होता. गाडी वळणाआड गेली आणि तेव्हापासून तो शब्द घरभर तिच्या मागे मागे फिरत होता.

उद्या ईस्टर. मुलांची ईस्टरची कवनं असतात चर्चमध्ये, एकेक पोर पुढे येऊन चार ओळी म्हणतं. यंदा पहिलं कवन केझायाचं होतं. पांढरा झगा इस्त्री होऊन दाराला टांगला होता, लेस लावलेले मोजे खुर्चीच्या पाठीवर. आणि पहिल्या बाकावर त्या बसणार होत्या, मोठ्या टोप्यांच्या बायका, ज्यांचे डोळे पोराच्या तोंडाकडे नंतर जातात, डोक्याकडे आधी.

चर्चमधल्या त्याच वेदीच्या पायऱ्यांवर व्हर्लीनही एकदा कवन म्हणायला उभी राहिली होती, साधारण केझायाएवढीच असताना. आदल्या दिवशी आईने केस शेकून सरळ केलेले. चर्चमध्ये उकाडा. तिसऱ्या ओळीपर्यंत घाम मानेवरून वर चढला आणि केस जागे झाले. मुळापासून वर उठायला लागले. पहिल्या बाकावर कुणीतरी हातपंख्याआड खुदकन हसलं. चौथी ओळ व्हर्लीनला आजतागायत आठवलेली नाही. घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "बापाकडचे केस. त्याला मी तरी काय करणार?"

तो पंख्याआडचा आवाज या पोरीच्या कानी पडायला नको, एवढंच व्हर्लीनला हवं होतं. त्यापुढे शब्दाचं काय मोठं?

तिने पुढची शेगडी पेटवली. विझवली. धाकटी नात लिनेट धावत आली, "आजी, माझे झाले?" म्हणून डोकं पुढे करून उभी राहिली. तिचे कधीच झाले होते. लिनेटच्या केसांना नुसतं पाणी दाखवायचं, हात फिरवायचा, की मोठमोठी वेटोळी आपोआप पाठीवर ओघळायची. चर्चमधल्या बायका जाता-येता तिच्या डोक्यात बोटं घालायच्या, "अगं बाई, काय चांगले केस!" शेजारी केझाया उभी असायची. तिला म्हणायच्या, "आणि ही हुशार हो!"

दोघी एकाच आईच्या, एकाच बापाच्या. पण या घराण्यात मूल जन्मलं की आधी कानाच्या पाळीचा रंग बघतात, मानेवरची लव बघतात, आणि मग महिनोन् महिने केस कसे वळतात त्याची वाट बघत बसतात. केझायाचे वळले तेव्हा व्हर्लीनच्या आईने निकाल दिला, "हे गेन्सांकडचे." गेन्स म्हणजे जावयाचं घराणं. लिनेटचे वळले नाहीत, सैलच राहिले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "हे मात्र आमच्याकडचे!" गेन्स मंडळी दुसऱ्या खेपेला कुठे गेली होती, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी केक खाल्ला.

व्हर्लीनने शेगडी पेटवली ती आता पेटलेलीच ठेवली, आणि कंगवा तिच्यावर टेकवला. केझायाचे कोरडे केलेले केस तिने हातात घेतले. लोक म्हणतात असे केस दणकट, काथ्यासारखे, कसेही ओढा. ज्यांनी विंचरलेत त्यांना विचारा. एकेक केस कोळिष्टकासारखा, जरा घाई केली की तुटलाच. आणि सगळं डोकंही एकसारखं नाही. कानशिलापाशी कापूस, टाळूवर बारीक स्प्रिंगा, मानेपाशी तर मोहरीचे दाणे. बोटाभोवती गुंडाळून ताणली तर बट खांद्याखाली येते. सोडली की गेली परत आपल्या घरी.

"आजी, तो तापतोय."

"माहितीये."

"आईला माहितीये?"

"कान धर."

केझायाने कान दुमडून धरला. ते तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. व्हर्लीनने कंगवा कागदावर टेकवून पाहिला, कागद पिवळा पडला, फुंकर घातली, पुन्हा टेकवला. मग मलम लावलेल्या पहिल्या बटेतून तो अलगद खाली ओढला. चर्र झालं. तोच वास, जळक्या तेलाचा, शनिवारचा. बट सरळ होऊन पोरीच्या गालावर पडली. केझाया श्वास धरून बसली होती. व्हर्लीनचाही धरलेलाच होता.

उजवी बाजू होत आली तेव्हा दार ढकलून व्हर्लीनची थोरली बहीण लोरेन आत आली. एका हातात नारळाचा केक, दुसऱ्या हाताला आई. आईला सगळं गोत मोठीआई म्हणे. नव्वदीला टेकलेली, डोक्यावर रुपेरी केसांचा टोप, तो रविवारचा खास, आज शनिवारीच घातलेला.

"वासावरून कळलं," मोठीआई खूश होऊन म्हणाली. "झालं का माणसात आणून पोरीला?"

"आई!" लोरेन म्हणाली.

"आई काय? वाईट बोलले का मी? व्हर्लीनला विचार, किती हाल काढलेत मी हिच्या डोक्यापायी." असं म्हणत म्हातारी शेगडीपाशी गेली, भाजीवरचं झाकण काढलं, चमच्याने चव घेतली. "मीठ कुठाय यात?"

आणि झाकण तसंच बाजूला ठेवून ती मीठ शोधू लागली.

कंगवा तापलेला असताना उकळत्या भांड्यावरचं झाकण काढत नाहीत, हे या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मोठीआईने स्वतः शिकवलेला धडा होता तो. पण व्हर्लीनचं लक्ष आईच्या जिभेवर होतं, हातावर नव्हतं. वाफ ओट्यावरून सावकाश खाली उतरली. व्हर्लीनने डाव्या बाजूची बट हातात घेतली आणि बघते तो उजवीकडचे केस हलत होते. मुळाशी आधी फुगले. मग एकेक बट आखडत, वेटोळी घालत वर चढली, जणू कुणी खालून हाक मारली होती.

"झाकण!" व्हर्लीन ओरडली.

सगळ्यांनी झाकणाकडे धाव घेतली. झाकण पडलं, लोळत टेबलाखाली गेलं. लिनेट हसत सुटली. केझायाने डोक्याला हात लावून बघितलं आणि पुन्हा कान दुमडून धरला. ते बघून व्हर्लीनला चरचरलं.

"परत करते," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम."

"राहू दे ना गं तसेच," लोरेन म्हणाली. "छान दिसतायत."

"तुला सोपं आहे बोलायला."

लोरेनने केक खाली ठेवला. तिचे केस आता विरळ झाले होते, पण अजून लाटालाटांनी खांद्यावर पडायचे. "हो बाई. मला सगळंच सोपं. शाळेत पोरी माझी वेणी ओढून बघायच्या, चिकटवलेली आहे का म्हणून. मैत्रीण कुणी झाली नाही, सगळ्यांना वाटायचं ही स्वतःला कोण समजते. ते पण सोपंच."

"मी ओढली होती का?"

"तू तर घरात पण माझ्याशी बोलत नव्हतीस, व्हर्ली."

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. रोलांडा. तोंड दाखवून बोलायचा फोन. व्हर्लीनने तो उचलला आणि कॅमेरा थेट भाजीच्या पातेल्याकडे वळवला.

"आई, हे काय दाखवतेयस?"

"भाजी. बघ कशी झालीय."

"मी पाच मिनिटांची सुटी घेऊन भाजी बघायला फोन केलाय का? केझी कुठाय? वेण्या झाल्या?"

"होतायत."

"अर्धे केस उभे राहिलेत आणि अर्धे मेलेत!" लिनेटने टेबलाखालून, झाकण हातात घेऊन बातमी दिली.

पातेल्यात भाजी उकळत होती. मग रोलांडा हळू आवाजात म्हणाली, "आई, तू शब्द दिला होतास."

"अगं, उद्या ते सगळे लोक—"

"कुठले लोक? त्या लोकांसाठी मी माझे केस वीस वर्षं जाळलेत. तुझ्याच हातांनी. माझ्या मानेवर अजून डाग आहे. मी बोलले कधी?"

"अगं पोरी," मोठीआई पुढे झाली, तिला वाटायचं फोनमध्ये मोठ्याने बोलावं लागतं. "आईवर कशाला चिडतेस? तू गेन्सांच्यात लग्न केलंस. आता गेन्सांचे केस आलेत, त्याला कोण काय करणार? माझ्या व्हर्लीनला जसे बापाकडचे आले. आमच्याकडे असे नव्हतेच कधी."

लोरेन केकवरचा नारळ बोटाने सारखा करू लागली. रोलांडाने तिकडे मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. व्हर्लीनने गॅस बंद केला, मग ओटा पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला. दरवेळी असंच व्हायचं. म्हातारी हे वाक्य टाकायची आणि सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं.

केझाया उशीवरून उठली. एका बाजूने कापसाचा ढग, दुसऱ्या बाजूने ना धड सरळ ना धड कुरळं, मलमाने चिकटलेलं. ती व्हर्लीनसमोर येऊन उभी राहिली.

"मी गेन्स आजीला विचारलं होतं," ती म्हणाली. "नाताळात. ती म्हणाली, आमच्याकडचे नाहीत हे केस, तुझ्या आईकडचे आहेत. मग कुणाचे आहेत? कुणाचेच नाहीत का?"

"तसं नसतं गं बाळा—" लोरेनने सुरुवात केली.

"मग कसं असतं?"

व्हर्लीनला तोंडाशी आलेलं नेहमीचं उत्तर गिळावं लागलं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर बाहेर पडताना केसांचा टोप, घरात घट्ट बांधलेला रुमाल, झोपतानाही रुमालच. नऊ वर्षांत या पोरीने आजीचं डोकं पाहिलं नव्हतं. रोलांडानेही किती वर्षांत पाहिलं नसेल. तिचे हात आपोआप मानेमागे गेले. गाठ घट्ट होती, नखाने उचकटावी लागली. तेवढ्या वेळात चारदा वाटलं, राहू दे.

रुमाल सुटला.

दाट, आखूड, करडे. टाळूवर बारीक स्प्रिंगा, मानेपाशी मोहरीचे दाणे. केझायाने हात वर केला, विचारलं नाही, सरळ बोटं आत घातली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे चाचपून पाहिले. मग पुन्हा आजीचे.

"माझे आहेत," व्हर्लीन म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तुझे केस माझे आहेत. गेन्सांचा काही संबंध नाही."

फोनमध्ये रोलांडा रडत होती की नाक शिंकरत होती, कळत नव्हतं.

"आणि तुझे कुणाचे?" केझायाने विचारलं.

व्हर्लीनने आईकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या थंडीत मोठीआई इस्पितळात होती तेव्हा दार लावून, पडदा ओढून, व्हर्लीननेच तिचं डोकं धुतलं होतं. पहिल्यांदाच पाहिलं होतं ते डोकं. म्हातारीने तिचं मनगट धरून म्हटलं होतं, "लोरेनला सांगू नकोस." नाही सांगितलं. आजही सांगणार नव्हती. एका दिवसात एकच शब्द मोडायचा, दोन नाही.

"माझे..." ती म्हणाली आणि थांबली. बापाकडचे, एवढं म्हटलं की संपत होतं. जीभ वळेना.

केझाया वाट बघत होती. लिनेटसुद्धा झाकण वाजवायची थांबली.

ओट्यापाशी खुर्ची करकरली. मोठीआई खाली बसली होती. मिठाचा डबा अजून हातातच होता. तिने तो टेबलावर आपटला, आणि रुपेरी टोप एका हाताने मागे सारला, एवढासाच, कपाळावरच्या केसांची पांढरी मोहरी दिसेल इतपत.

"बघत काय बसलात सगळ्या?" म्हातारी खेकसली. "माझे आहेत ते. तिच्या बापाच्या डोक्यावर केस होते कुठे? बिचारा लग्नात टक्कल घेऊनच उभा होता."