त्रेसष्टावं वलय

मी एक जुनं गिरमिट आहे, मित्रांनो. पण सुताराच्या पेटीतलं नव्हे. माझं पोलादी अंग आतून पोकळ आहे आणि टोकाला आटे आहेत. मूठ फिरवली की मी उभ्या झाडाच्या खोडात शिरतो आणि गाभ्यापर्यंत जाऊन पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर आणतो. झाड मरत नाही. राळ येऊन जखम बुजते. कांडीवर दर वर्षाचं एक वलय असतं. सुखाचं वर्ष रुंद, उपासमारीचं केसासारखं बारीक.

वीस वर्षं मी ज्ञानसरनीच्या, म्हणजे सगळ्यांच्या सरनीच्या, हातात होतो. ती किन्नौरची, शिमल्यात झाडांचा अभ्यास करणारी. काम झालं की ती मला पुसायची, आट्यांना मेण लावायची. "याच्याइतकं खरं बोलणारं माझ्या ओळखीत कुणी नाही," असं पाहुण्यांना सांगायची. पुढे ती मोठ्या हुद्द्यावर गेली, टेबलामागे बसली, आणि मी कपाटात गंजत पडलो.

सात वर्षांनी तिने मला बाहेर काढलं ते भीतीपोटी.

वैशाखात ती गावी गेली होती. नाल्याच्या तोंडाशी, सपाट जागेवर, नवी शाळा उभी राहिली होती. जमीन तिच्या वडिलांनी, जियालालांनी, दान दिलेली. भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी होती. सरनी मात्र शाळेभोवतीचे देवदार बघत राहिली. प्रत्येकाचं खोड बुंध्याशी वाकलेलं आणि मग सरळ वर गेलेलं. लहानपणी कशाने तरी ढकलल्यासारखं.

आठ झाडांत मी शिरलो. आठही कांड्यांत ठरावीक वर्षी लाकूड एका बाजूने जाड आणि लालसर झालेलं, ढकललेलं झाड पुन्हा सरळ होऊ बघतं तेव्हा होतं तसं. दीडशे वर्षांत तीनदा नाल्यातून दगड-चिखलाचा लोंढा आला होता. शेवटचा त्रेसष्ट वर्षांपूर्वी.

गावच्या प्रधानाने कांडी बोटांत फिरवली. "ताई, असलं काही झालं असतं तर म्हाताऱ्यांनी सांगितलं नसतं? एका काडीसाठी शाळा हलवायची होय?"

"माझ्या दानात खोट काढायला शिमल्याहून आलीस," जियालाल म्हणाले आणि घरात गेले.

नववं झाड सगळ्यांत जाड होतं. गाभ्याजवळ माझे गंजके आटे अडकले. सरनीने मला उलटं फिरवलं, पाय खोडाला रोवून ओढलं. तळहात सोलले, मूठ रक्ताने निसरडी झाली. मी हललो नाही. मला माझीच लाज वाटली, मित्रांनो. जन्मभर खरं बोललो आणि ऐन वेळी वाचा बसली. ती खोडाला कपाळ टेकून रडू लागली.

तेवढ्यात जियालाल शेतातून आले. त्यांनी मुठीची दुसरी बाजू धरली. बाप-लेकीने मिळून मला सोडवलं. कांडी जियालालांच्या हातात आली. सालीकडून आत ते नखाने एकेक वर्ष मोजत गेले. त्रेसष्टाव्या वलयाशी, काळ्या व्रणावर, नख थांबलं.

"सात वर्षांचा होतो मी," ते म्हणाले. "आई नाल्यावरच्या पाणचक्कीवर पीठ आणायला गेली होती. पाय घसरून गेली, असं सांगितलं मला. नंतर कधी विचारलं की मोठी माणसं उठून जायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेला कुलूप घातलं. पोरांचं जेवण रांधणारी पालमो तावातावाने आली. "काका, दिलेलं दान परत घेताय? आता पोरांना कुलूप शिजवून घालू का?"

सरनीने अर्ज केले. जिथे तिथे एकच उत्तर, पुढच्या बैठकीत बघू. सहाव्या दिवशी प्रधानाने कुलूप तोडलं. मग पावसाळाभर जियालाल नाल्याच्या वरच्या खडकावर शिट्टी घेऊन बसू लागले. सरनी रजा काढून सोबत राहिली. गाव दोघांना वेडं म्हणू लागलं.

एका दुपारी पाऊस कोसळत असताना नाल्याचं पाणी एकाएकी आटलं. वर कुठेतरी वाट तुंबली होती, ती फुटली की सगळं एकदम खाली येणार होतं. सत्तर वर्षांचा म्हातारा शिट्टी फुंकत, धडपडत खाली धावला. सरनीच्या पिशवीत मी तिच्या पाठीवर आपटत होतो.

"दप्तरं टाका. वर चढा, वर."

या वेळी पालमोने वाद घातला नाही. एक पोर कडेवर, एक पाठुंगळी घेऊन ती चढली. वर पोचल्यावर तिने डोकी मोजली. "पंचवीसच आहेत," म्हणाली आणि उलट पावली खाली पळाली. सव्विसावा दुसऱ्या वाटेने आधीच वर पोचला होता. सरनीने हाका मारमारून घसा फोडला, पण डोंगराच्या गर्जनेत त्या कुणाला ऐकू जाणार?

लोंढा गेल्यावर शाळेच्या जागी दगडांचा ढीग होता. पालमो चौथ्या दिवशी सापडली.

आज त्याच जागेवर पुन्हा चुन्याच्या रेघा मारल्या आहेत.

"सपाट जागा दुसरी दाखवा ना," प्रधान म्हणतो. "आणि तुमचीच काडी सांगते, आता पन्नास वर्षं घोर नाही."

जियालाल रोज येतात, पायाने रेघ पुसतात. मजूर पुन्हा ओढतात. सरनी मला रोज नव्या झाडात फिरवते, नवी कांडी कागदात गुंडाळते, नवा अर्ज लिहिते. तिचे तळहात भरून येईनात. माझी धार गेली आहे. आणखी किती झाडं होतील माझ्याने, सांगता येत नाही.

मला जपा, मेण लावा, असं म्हणायचा माझा हक्क आहे, मित्रांनो. पण ते राहू द्या. कुणी अशी कांडी तुमच्या हातात दिली, तर हसून खाली ठेवू नका. सालीपासून मोजायला लागा, आणि व्रण आला तर विचारा, त्या वर्षी कोण गेलं होतं?