सोळा दिवसांची झोप

माणसानं झोपावं, पण किती? धाकट्यानं ताळच सोडला होता. सकाळी नऊला लाँड्रीत यायचा आणि दहाला चादरींच्या ढिगावर आडवा. हाक मारली की "हो आई" म्हणायचा आणि बसल्याबसल्या पुन्हा पेंगायचा. लाळ गळायची ती नेमकी धुतलेल्या अभ्र्यांवर. पस्तिशीचा घोडा! याला उचलून सरळ मशीनमध्ये टाकावा आणि दोनदा खळबळून काढावा, असं लाँड्री चालवणाऱ्या बाईंना, त्याच्या आईला, वाटे.

"आळस नाही, माज आहे हा," त्या घडीवालीला म्हणाल्या. "त्या गटात जायला लागल्यापासून शेफारलाय. जीव जपा, विश्रांती घ्या! रिकामटेकडे दुसरं काय शिकवणार?"

घडीवाली बावीस वर्षं त्यांच्याकडे चादरींच्या घड्या घालत होती, म्हणून तिला उलट बोलायची मुभा होती. "बाई, त्याचे हात बघा. थरथरतायत."

"काम दिसलं की आळशाला कापरं भरतंच."

बाईंना सहीपुरतं लिहिता येई, पण तीन लॉजच्या चादरी त्यांच्याकडे येत आणि मोजताना एक टॉवेल कमी भरला तर मॅनेजरला त्या फोनवर उभा सोलत. नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हे. एकाच गोष्टीत त्या गप्प असत.

आठ वर्षांपूर्वी धाकट्याला बंद रेडिओतून स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं होतं. मग शेजारी आपल्यावर नजर ठेवतात म्हणून त्यानं खिडक्यांना कागद चिकटवले. दोन महिने हॉस्पिटल झालं. घरी आल्यावर मात्र "मला काही झालेलं नाही" म्हणून गोळ्या थुंकायचा. शेवटी जुन्या डॉक्टरांनी बाईंच्या हाती एक बाटली दिली. ना रंग, ना वास. सकाळच्या चहात दहा थेंब. महिन्याभरात पोरगा माणसात आला. "आपोआप बरा झाला," बाईंनी जगाला सांगितलं. त्यालाही तेच सांगितलं. बाटली मात्र बटव्यात, कायम कमरेला.

त्या गुरुवारी दुपारी धाकटा गरम रुळाच्या इस्त्रीवर चादर सरकवत होता. सरकवता सरकवता त्याची मान पुढे गेली. चादरीबरोबर हातही रुळाकडे निघाला. घडीवालीनं झेप घेऊन लाल बटण दाबलं. बोटांत आणि रुळात वीतभरसुद्धा अंतर उरलं नव्हतं. धाकट्यानं डोळे उघडले, हाताकडे बघितलं आणि "सॉरी" म्हणाला. मग टोपी घालून निघालाही. गुरुवार ना! गटाचा वार.

बाईंचं असं होतं, भीती वाटली की राग यायचा. "आज त्या लोकांची खरडपट्टीच काढते," म्हणत त्या चपला अडकवून त्याच्या मागोमाग निघाल्या.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दहाबारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या, मनाच्या आजारातून गेलेली माणसं तिथं जमत. गट चालवणारी पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती, सगळे तिला कंडक्टरताईच म्हणत. बाई दाराशी पोचल्या तेव्हा धाकटा उभा राहून बोलत होता. खुर्चीची पाठ धरून, पण सलग बोलत होता. घरी तो इतकी वाक्यं वर्षभरात बोलला नसेल.

"मी वहीत लिहून ठेवायला लागलो," तो सांगत होता. "आई मावशीकडे गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला आवाज यायला लागतात. ती परत आली की हळूहळू थांबतात. दर वेळी. मला वाटायचं, आई नसली की मी बिघडतो. म्हणून लांबची नोकरी घेतली नाही. लग्नाचं नाव काढलं नाही. मग इथं कळलं की असं आवाजांचं येणं-जाणं हाही आजारच असतो. ताईंबरोबर नव्या डॉक्टरांकडे गेलो. आठ वर्षं औषध नाही, असं मी सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या. आज सोळा दिवस झाले. झोप फार येते, पण गोळ्या घेतोय. आईला सांगितलं नाही. तिच्या मते मला काही झालेलंच नाही ना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंच्या कानात त्या टाळ्या शिरल्याच नाहीत. सोळा दिवस. सोळा सकाळी सोळा कप चहा, आणि वरून गोळ्या. आळशी म्हणून शिव्या घातल्या त्या या पोराला! बहिणीकडे जाताना बाटली त्या स्वतःच बरोबर नेत होत्या, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. बारा अनोळखी माणसं बघत होती आणि पळून जायला जिना मागेच होता.

त्यांनी बटवा सोडला. बाटली टेबलावर ठेवली.

"मी घालते," त्या म्हणाल्या. "चहात. आठ वर्षं. आजही थेंब घातले."

धाकटा बाटलीकडे बघत राहिला, मेलेलं जनावर बघावं तसा. कंडक्टरताईनं बाटली उचलून नाव वाचलं आणि ती थेट जिन्याकडे वळली. "गाडी बोलवा. त्याला धरा कुणीतरी. आजी, तुम्हीही चला, किती थेंब ते तुमच्याच तोंडून सांगायचंय."

हॉस्पिटलात छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं. धाकट्याहून लहान डॉक्टरीण म्हणाली, "दोन्ही बंद करून दोन दिवस ठेवतो. आणखी आठवडा गेला असता तर मी काही सांगू शकले नसते." 

बाहेर बाकावर कंडक्टरताई बाईंच्या शेजारी बसली. "माझा नवरा मला दुधातून द्यायचा," ती म्हणाली. "प्रेमाचा माणूस. कळलं त्यानंतर दोन वर्षं मी पाणीसुद्धा स्वतः भरून प्यायले. ज्याच्या पोटात औषध जातं त्याला ते माहीत पाहिजे, एवढ्याच एका गोष्टीसाठी आम्ही डॉक्टरांशी भांडतो, घरच्यांशीही भांडतो."

"मग माझ्याशी भांड ना."

"तुमच्याशी तो भांडेल. मी मध्ये पडत नाही."

तिसऱ्या दिवशी धाकट्याचे डोळे स्वच्छ झाले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यानं ग्लास घेतला, भिंतीला धरत नळापाशी गेला, पाणी ओतून दिलं, ग्लास विसळला, पुन्हा भरला आणि प्यायला. बाईंना कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

"एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" त्यानं विचारलं.

"रोज वाटायचं. पण तू बरा होतास रे."

"बरा नव्हतो, आई. तुझ्या कमरेला बांधलेला होतो." तो पलंगावर टेकला. "नव्या डॉक्टरांच्या गोळ्या मी परत सुरू करणार आहे. माझ्या हातानं. आणि ताईंच्या ओळखीची एक खोली आहे, तिकडे राहायला जातोय."

बाई उठल्या आणि नेहमीच्या, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाणी ओतलंस ते बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर ग्लास फेकून मारला असता. तुला आळशी म्हटलं, माजलास म्हटलं, ते माझं पाप, तुझ्या माथी नको. जा, राहा वेगळा. माझ्या हातचं खायचं की नाही ते तू ठरव, वर्षानं ठरव, दहा वर्षांनी ठरव, मी विचारणार नाही. पण खोलीचं भाडं ठरवण्याआधी नळाला पाणी येतं का ते बघून घे, त्या बाबतीत तू जन्माचा बावळट आहेस."