शेवाळाच्या दाढा

रविवारी संध्याकाळी खारू वडिलांकडून परतली. तिच्या पिशवीतून कपड्यांच्याही आधी बाहेर आली ती काचेची एक बरणी, आणि बरणीत होत्या नारिंगी रंगाच्या, मऊ, इवल्या दाढा.

“आई, ओळख पाहू!”

आईनं त्यातली एक चिमटीत धरून उजेडासमोर नेली. चार टोकं, मधे खळगा, आत अडकलेला संध्याकाळचा उरलासुरला प्रकाश.

“माझीच आहे ती! खालची, डावीकडची. मावशीनं माझ्या दातांचं माप घेतलं आणि त्यावरून गमीचा, म्हणजे मऊ जेलीच्या गोळीचा, साचा केला. यात समुद्रातलं शेवाळ असतं. म्हणजे मी माझीच दाढ खाते!” खारू पुढचे दोन मोठे दात दाखवत हसली. त्या दातांमुळेच तिचं नाव खारू पडलं होतं.

मावशी म्हणजे वडिलांची नवी बायको, व्यवसायानं दंतवैद्य. आईची बहीण ती मावशी, अशी जगाची रीत. खारूच्या आईला बहीण नव्हती आणि ही अशी तर मुळीच नको होती. नऊ वर्षं त्या तोंडात घास तिनं भरवले, पहिला दात आला तेव्हा वाटीवर चमचा वाजावा तसा त्याचा आवाज तिनं ऐकला. आणि त्याच तोंडाचा ठसा आज एका परक्या बाईच्या कपाटात जपून ठेवलेला होता.

बरणीवर सुबक अक्षरांत चिठ्ठी होती : ‘अगर, संत्र्याचा रस, मध. दोन खाव्यात, वर पेलाभर पाणी प्यावं.’

अगर! चौदा वर्षं ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शेवाळापासून काढलेली हीच पांढरी पूड रोज सकाळी शिजवत होती, काचेच्या बशांत ओतत होती आणि त्या थिजलेल्या गादीवर माणसांच्या घशातले, जखमांतले जंतू वाढवून त्यांची नावं सांगत होती. संसार गेला तेव्हा तिनं स्वतःला समजावलं होतं की काम तरी आपलं आहे. आता शेवाळही उठून त्या घरी राहायला गेलं होतं.

खरं दुखणं पुढेच होतं. चार महिने खारूचं पोट साफ होत नव्हतं. आईनं पपई कापली, भाज्या किसून लपवल्या, गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि या दाढा सुरू झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात मुलगी न्हाणीघरातून गुणगुणत बाहेर येऊ लागली.

“दुखलं नाही?”

“छे!”

आईला आनंद झाला. पण त्या आनंदाचं बोट धरून आणखी कुणीतरी घरात शिरलं, आणि आनंद निघून गेल्यावरही ते बसूनच राहिलं.

त्यातच सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टीचा महिना वडिलांकडे काढायचा की इथेच, हे खारूनं शनिवारपर्यंत सांगायचं होतं. “तुझी मर्जी,” असं आई म्हणाली होती, उदार चेहऱ्यानं, आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती.

त्या आठवड्यात मंगळवारी ती कामावरून लवकर घरी आली. अगरचं पाकीट, लिंबं, मध, चांदण्यांच्या आकाराचा साचा. दाढा नाहीत, चांदण्या! पूड, पाणी, मध आणि चार लिंबांचा रस असं सगळं तिनं एकदम कुकरमध्ये घातलं आणि प्रयोगशाळेच्या शिस्तीनं घड्याळ लावून बरोबर पंधरा मिनिटं शिजवलं. साचा भरला. वीस मिनिटं हात लावला नाही. मग चौदा वर्षांची सवय हाताला आपोआप घेऊन गेली. वाफेचं पाणी गादीवर ठिबकू नये म्हणून थिजलेल्या बशा नेहमी पालथ्या ठेवायच्या असतात. तिनं साचाही एका झटक्यात पालथा घातला.

चांदण्या ओट्यावरून वाहत निघाल्या आणि खारूच्या मोज्यांवर टपटपल्या.

“आई, सूप केलंस का गं?”

“गप्प बस. फडकं दे.”

“मावशी ना, रस शेवटी घालते. गॅस बंद केल्यावर. ती म्हणते, आंबटाबरोबर उकळलं की शेवाळ रुसतं.” खारूच्या गालात या वेळीही एक नारिंगी दाढ होती.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे तिला ठाऊक होतं! बुरशी वाढवायच्या बशा करताना आम्ल शेवटी घालायचं, नाहीतर अगर थिजत नाही. नव्या मुलींना हे शिकवणारी तीच. मत्सरानं तिचं शहाणपण असं पुसून टाकलं होतं, जसा ओला बोळा पाटीवरचं अक्षर पुसतो. हात दाखवून अवलक्षण, तेही लेकीसमोर.

“तुझ्या मावशीला सगळंच येतं,” ती म्हणाली, अगदी शांतपणे. “एवढं मात्र तिनं सांगितलं नसेल, की आम्ही रोगजंतू वाढवतो ते यावरच. जंतूंचं जेवण आहे ते.”

खारूनं तोंडातली दाढ तळहातावर काढली. “म्हणजे माझ्या पोटात वाढतायत?”

आई ओटा पुसत राहिली. ‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता.

बरणी केरात रिकामी झाली. “मी नाही जाणार सुट्टीत तिकडे,” खारू म्हणाली आणि तीनदा चूळ भरली. आई जिंकली होती.

शुक्रवारी दुपारी खारू पोट दाबून न्हाणीघरात बसली होती, दाराला आतून कडी. तीन दिवसांत तिनं धड काही खाल्लं नव्हतं. प्रत्येक घासाकडे संशयानं पाहत होती. आई दाराशी उभी असतानाच फोन वाजला.

“ताई, मी बोलतेय. खारूला काय झालंय? परवा फोनवर एवढंच म्हणाली, ‘मला जंतूंचं जेवण का दिलंस?’ आणि ठेवून दिला. तुमचं तर कामच आहे हे, तुम्हाला जास्त कळतं. माझं काही चुकलं का हो? असेल तर उरलेलं सगळं फेकून देते.”

त्या आवाजात ताठा असता तर किती बरं झालं असतं! आईनं तो शोधून पाहिला. सापडली ती निव्वळ काळजी, तिच्या स्वतःच्या काळजीसारखीच.

“तुमचं नाही चुकलं. मीच तिला तसं सांगितलं.”

“का?”

“तुमच्या गमी जमल्या म्हणून.”

पलीकडून आवाज आला, हळूच : “माझ्याही पहिल्या तीन वेळा फसल्या होत्या, ताई.”

हे ऐकूनही आतून जळलंच. त्या बाईला मोठं मनही परवडत होतं. आईनं फोन ठेवला आणि बंद दाराला पाठ लावून ती जमिनीवर बसली.

“खारू, ऐक. मी खोटं बोलले. जंतूंना अगर पचत नाही. म्हणून तर आम्ही ते वापरतो. त्यांचं खाणं आम्ही वेगळं मिसळतो. ते खातात ते, आणि खालची गादी तशीच राहते. तुलाही ते पचत नाही. पाणी धरून पोटातून सरकत जातं, म्हणून तुला बरं वाटत होतं.”

आतून आवाज आला, “मग तसं का म्हणालीस?”

“राग आला होता.”

“माझा?”

“तुझं पोट तिनं बरं केलं, त्याचा.”

“वेडी आहेस का गं, आई?”

“आहे थोडीशी.”

“मी किती दाढा फेकल्या! आणि मावशीशी कशी बोलले...” कडी सरकली. रडून सुजलेला चेहरा फटीतून बाहेर आला. “मी सुट्टीत जाणार तिकडे. पंधरा दिवस.”

“पंधराच का?”

“तू रडशील म्हणून.”

आईनं तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. “रडेन. तू महिनाभर जा.”

बोलताना तिला क्षणभर वाटलं, आपण मोठ्या झालो. पण लेकीनं “बरं!” म्हटलं ते इतक्या लगेच, इतक्या आनंदानं, की तिच्या आत पुन्हा काहीतरी करपलं, आणि ती उठून खारूसाठी पाण्याचा पेला भरायला गेली.